एक्स्प्लेन मी

स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



मेळाव्याच्या संयोजकांनी मला फोन केला तेव्हा दोन अटी घातल्या होत्या. एक, दहा-बारा मिनिटांत आटपायचं. दुसरी, कॉम्प्युटरवर बोलायचं नाही, कारण मागच्या वेळी मी बोलायला लागले आणि अर्धा वर्ग चहाला उठून गेला होता. पहिली अट मी पाळायचा प्रयत्न करते. दुसरी थोडी मोडणार आहे, पण चहा अजून आलेला नाही, त्यामुळे तुम्ही अडकलेले आहात.

मी आज इंग्रजीतल्या एका क्रियापदावर बोलणार आहे. क्रियापद साधं आहे, ‘एक्स्प्लेन’. त्याची ओळख मला याच शाळेत झाली, आणि ती जरा फजितीची होती.

आपली इंग्रजी सुरू झाली पाचवीत, 1990 च्या जूनमध्ये. आपल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. दहा वर्षांच्या वयात आपण ए, बी, सी, डी गिरवत होतो. त्यामुळे आठवीत इंग्रजीच्या तासाला उभं राहून एक अख्खं वाक्य इंग्रजीत बोलणं म्हणजे पराक्रमच होता. तो मी एकदा केला. एका उताऱ्याचा अर्थ लागत नव्हता म्हणून उभी राहिले आणि म्हणाले, “मॅडम, प्लीज एक्स्प्लेन मी धिस पॅरेग्राफ.”

बाईंनी खडू खाली ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, “तुला स्पष्ट करू? अगं, तुझा उलगडा तुझ्या आईला अजून झाला नाही, मला काय होणार!”

वर्ग हसला. मीही हसले, पण विनोद कळला नव्हता. मग बाईंनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं: टेल मी, गिव्ह मी, शो मी, टीच मी. उजवीकडे लिहिलं: एक्स्प्लेन टू मी, डिस्क्राइब टू मी, सजेस्ट टू मी, अनाउन्स टू मी. आणि म्हणाल्या, “डावीकडच्यांना माणूस थेट चालतो. उजवीकडच्यांना मध्ये ‘टू’चा उंबरठा लागतो. तो ओलांडल्याशिवाय माणसाला आत घेत नाहीत.”

हा उंबरठा का लागतो, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं. डावीकडची क्रियापदं इंग्रजीच्या घरातली जुनी, जर्मन कुळातली आहेत. उजवीकडची बहुतेक लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेनं, नंतर आलेली आहेत. पाहुणी क्रियापदं साधारणपणे दोन कर्मं अशी शेजारी शेजारी बसू देत नाहीत. अपवाद दोन्हीकडे आहेत. ‘प्रॉमिस’ लॅटिन असूनही ‘प्रॉमिस मी’ चालतं, आणि ‘से’ घरचं असूनही ‘से मी’ चालत नाही. पण एकूण कल हा असा आहे.

आणि आपली चूक का होते, तेही उघड आहे. आपण मनात मराठी बोलतो. ‘मला सांग’, ‘मला दे’, ‘मला दाखव’, ‘मला समजाव’. आपल्याकडे चारही ठिकाणी ‘मला’ अगदी सारखंच. मग ‘टेल मी’ बरोबर आणि ‘एक्स्प्लेन मी’ चूक, हे डोक्यात शिरावं कसं? आजही ऑफिसमध्ये रोज एखाद्या तरी ईमेलमध्ये ‘काइंडली एक्स्प्लेन मी’ दिसतं. ‘एक्स्प्लेन अबाउट’ही दिसतं. तेही नको, नुसतं ‘एक्स्प्लेन’ पुरतं. मी कुणाला हसत नाही. मला आपला फळा दिसतो.

‘एक्स्प्लेन मी’ला इंग्रजीत काही अर्थच नाही, असं मात्र नाही. शब्दशः घेतलं तर त्याचा अर्थ होतो, ‘मी अशी का आहे याचा उलगडा करा.’ बाईंचा विनोद तो होता. इंग्रजीत एक्स्प्लेन होते ती गोष्ट, माणूस नव्हे. माणूस ‘टू’ लावून मागून येतो, आणि नाही आला तरी वाक्य पूर्ण होतं. ‘शी एक्स्प्लेन्ड द थिअरम.’ तिनं प्रमेय स्पष्ट केलं. कोणाला? त्याला समजलं का? वाक्याला त्याची पर्वा नाही. मराठीत ‘समजावणे’ हे ‘समजणे’ या क्रियापदाचं प्रयोजक रूप आहे. करणे-करवणे, बसणे-बसवणे, तसं समजणे-समजावणे. म्हणजे समोरच्याला समजेल असं काहीतरी करणं. आपल्या क्रियापदाच्या पोटातच समोरचा माणूस बसलेला आहे. म्हणूनच रडणाऱ्या पोरालाही आपण समजावतो आणि रुसलेल्या माणसाचीही समजूत काढतो. तिथे ‘एक्स्प्लेन’ चालणार नाही.

या शब्दाचं मूळही बघण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये ‘प्लानुस’ म्हणजे सपाट. त्यावरून ‘एक्स्प्लानारे’, म्हणजे सपाट करणं, आणि त्यावरून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘एक्स्प्लेन’ आलं. मैदानाला ‘प्लेन’ म्हणतात ते याच कुळातलं, साध्यासुध्या गोष्टीला ‘प्लेन’ म्हणतात तेही, आणि भूमितीतलं आपलं प्रतल, म्हणजे इंग्रजीतलं ‘प्लेन’, तेही. थोडक्यात, खाचखळगे काढून वाट सपाट करून देणं म्हणजे एक्स्प्लेन करणं. त्याची एक बहीण आहे, ‘एक्स्प्लिकेट’. तिच्या मुळाशी घडी आहे. घडी उलगडणं. आपलं ‘उलगडून सांगणं’ तंतोतंत तेच. लॅटिन बोलणाऱ्यांना आणि आपल्या आज्यांना, दोघांनाही लुगड्याची घडी मोडताना हाच विचार सुचला असणार.

मराठीत या एका शब्दासाठी किती शब्द आहेत, याची मी गंमत म्हणून यादी केली. समजावून सांगणे, स्पष्ट करणे, उलगडणे, विशद करणे, फोड करून सांगणे, निरूपण करणे. सरकारी कचेरीत ‘खुलासा’ मागवतात. हा शब्द अरबीतला, तिथे त्याचा अर्थ सार किंवा अर्क. आपल्याकडे मात्र खुलासा मागवला की सार बाजूला राहतं आणि पानंच्या पानं भरतात. ‘टीका’ या शब्दाचाही मूळ अर्थ ग्रंथाचं विवरण असाच होता. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. आज टीका म्हटलं की कोणी तरी कोणाला तरी झोडपतंय, एवढंच डोळ्यांसमोर येतं. आणि इंग्रजीत ‘दॅट एक्स्प्लेन्स इट’ म्हणतात, त्याला मराठीत एकच शब्द पुरतो: “तरीच!”

परीक्षेतही हे क्रियापद आपल्याला भेटलं. ‘वर्णन करा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांत फरक आहे, हे भूगोलाच्या सरांनी आपल्या डोक्यात घातलं. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की कमी होतो, हे झालं वर्णन. वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात, पाऊस तिथेच सांडतात आणि पलीकडे उतरताना त्यांच्यात बाष्प उरत नाही, हे झालं स्पष्टीकरण. ‘भौगोलिक कारणे द्या’ला मी वर्णन लिहिलं की सर लाल शाईनं एकच अक्षर लिहायचे. ‘का?’ पुढे नोकरीत मी जेवढे प्रश्न सोडवले, ते त्या एका लाल अक्षरावर सोडवले.

आता दुसरी अट मोडते.

डेटाबेस म्हणजे काय, ते आपल्या शाळेच्या भाषेत सांगते. ऑफिसातलं जनरल रजिस्टर तुम्हाला आठवत असेल. शाळा सोडल्याचा दाखला हवा असला की तुमचा रजिस्टर नंबर विचारायचे. नंबर माहीत असेल तर पान लगेच उघडायचं. नसेल तर क्लार्ककाकांना पान न पान चाळावं लागायचं, आणि ते आपल्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगायचे. कॉम्प्युटरमधला डेटाबेस म्हणजे असंच एक रजिस्टर, फक्त त्यात कोट्यवधी नोंदी असू शकतात.

या डेटाबेसला आपण जो प्रश्न विचारतो त्याच्या आधी ‘एक्स्प्लेन’ हा शब्द लिहिला, तर तो उत्तर देत नाही. उत्तर कसं शोधणार आहे, ते सांगतो. “पान न पान चाळीन” किंवा “नंबरवरून सरळ त्या पानावर जाईन” असं. शिवाय अंदाजे किती नोंदी सापडतील, तेही सांगतो. एखादा अहवाल तासभर रखडत असेल तर आम्ही आधी हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा कळतं की काका पान न पान चाळताहेत. दॅट एक्स्प्लेन्स इट. तरीच!

पण हा नुसता अंदाज असतो. प्रत्यक्षात काय झालं हे बघायचं असेल तर ‘एक्स्प्लेन’च्या पुढे ‘अ‍ॅनालाइझ’ असा आणखी एक शब्द जोडायचा. मग डेटाबेस ते काम खरोखर करतो आणि किती वेळ लागला, किती नोंदी निघाल्या, ते सांगतो. ‘कसं शोधशील?’ आणि ‘शोधून दाखव’ यांत आहे तेवढा हा फरक.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला. हुशार, नम्र, प्रत्येक गोष्टीला “येस मॅम” म्हणणारा. मी त्याला हे दोन्ही शब्द शिकवले. उभ्या उभ्या, एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला जाता जाता. “नुसतं एक्स्प्लेन लावलंस तर अंदाज मिळतो. अ‍ॅनालाइझ लाव, म्हणजे खरा आकडा मिळेल. समजलं ना?” तो म्हणाला, “येस मॅम.”

दोन दिवसांनी त्याला जुन्या नोंदी पुसण्याची एक आज्ञा लिहायची होती. ती किती वेळ घेईल हे त्याला आधी बघायचं होतं. म्हणजे काळजीच घेत होता तो. त्यानं पुसण्याच्या आज्ञेआधी ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ लिहिलं आणि चालू डेटाबेसवर सोडून दिलं. त्याच्या मते तो विचारत होता, ‘कसं खोडशील?’ प्रत्यक्षात तो सांगत होता, ‘खोडून दाखव.’ डेटाबेसनं नोंदी खोडल्या आणि किती वेळ लागला ते नम्रपणे कळवलं. त्याची अटही अजून कच्ची होती, त्यामुळे ठेवायच्या नोंदीही गेल्या.

आदल्या रात्रीच्या प्रतीवरून आम्ही सगळं परत आणलं. रात्रीचे दोन वाजले. तो मुलगा शेजारी बसून होता, पाणीसुद्धा प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी वरून ईमेल आला. त्यात एकच वाक्य होतं, ‘प्लीज एक्स्प्लेन.’ म्हणजे खुलासा करा.

मी बसल्या बसल्या अहवाल लिहिला. ‘नव्या सहकाऱ्याकडून अनवधानाने चुकीची आज्ञा दिली गेली. त्याला समज देण्यात आली आहे.’ एक शब्दही खोटा नव्हता. व्याकरणही चोख होतं. पाठवण्याआधी पुन्हा एकदा वाचला आणि भूगोलाच्या सरांची लाल शाई दिसली. का? अनवधानानं का? त्याला दोन शब्दांतला फरक माहीत नव्हता. का नव्हता? मी सांगितला नव्हता. का नाही सांगितला? कारण मला तो इतका उघड वाटत होता की सांगायचा असतो हे लक्षातच आलं नाही. आणि नवा मुलगा एकट्यानं चालू डेटाबेसवर आज्ञा सोडू शकत होता, ती मोकळीक तरी कोणी ठेवली होती? आम्हीच.

इंग्रजीत ‘एक्स्प्लेन’ला ‘अवे’ जोडलं की अर्थ फिरतो. ‘एक्स्प्लेन अवे’ म्हणजे कारणं सांगून गोष्ट उडवून लावणं. मराठीत आपण त्याला सारवासारव म्हणतो. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी जमीन सारवायचे. खड्डा भरला नाही आणि वरून नुसतं शेण फिरवलं, तरी ओलं असेपर्यंत जमीन सपाटच दिसते. माझा अहवाल तसा होता. सपाट दिसत होता, आणि खड्डा आत तसाच होता.

मी अहवाल पुसला आणि पुन्हा लिहिला. या वेळी त्यात माझं नाव होतं. त्याची किंमत त्या वर्षी थोडी मोजावी लागली, पण तो मुलगा नोकरीत राहिला. आता तोच नव्यांना शिकवतो.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? कारण “समजलं ना?” हा माझा प्रश्न मी त्या ऑफिसात पहिल्यांदा विचारला नव्हता. तो मी याच शाळेत, नववीत, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर विचारला होता.

तेव्हा माझ्या शेजारी जी मैत्रीण बसायची ती आज इथे आहे. तिला विचारून मी हे बोलते आहे, पण नाव घेत नाही. तिला भूमिती जड जायची. सरांनी मला सांगितलं, “हिला हे प्रमेय समजावून सांग.” वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो. मी आकृती काढली, केंद्र जीवेच्या दोन टोकांना जोडलं, दोन त्रिकोण, कर्ण आणि भुजा, एकरूप, सिद्ध. दोन मिनिटांत. “समजलं ना?” ती म्हणाली, “हो.” मी सरांना जाऊन सांगितलं, “समजावलं, सर.” इंग्रजीत ते वाक्य बरोबर झालं असतं. मराठीत खोटं होतं.

दहावीत तिचा गणित विषय राहिला. ऑक्टोबरलाही राहिला. मग तिचं शिक्षण सुटलं. मी पेढे वाटत फिरत होते, तिच्या घरी गेले नाही. एका प्रमेयामुळे कोणी नापास होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण माझ्या शेजारी वर्षभर बसून ती ‘हो’ म्हणत राहिली, आणि ते ‘हो’ मला सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी आपला व्हॉट्सॅप ग्रुप झाला आणि आमचं बोलणं सुरू झालं. ती आता शिवणाचा क्लास चालवते. मी तिला विचारलं, “तुला तेव्हा नेमकं काय अडलं होतं गं?” तिला अजून आठवत होतं. म्हणाली, “त्या तुटक रेषा. प्रश्नात नसतात आणि तू एकदम काढायचीस. त्या कुठून आल्या, हे मला कधीच कळलं नाही. मला वाटायचं, त्या तुम्हा हुशार मुलींनाच दिसतात.”

मी फोनवर गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, त्या कुठूनच येत नाहीत. सिद्धता नीट धरून ठेवायला आपणच काढायच्या असतात. काम झालं की त्यांचा संबंध संपला.”

ती म्हणाली, “म्हणजे कच्चा टाका की! कापड हलू नये म्हणून घालायचा आणि शिवून झालं की उसवून टाकायचा. एवढंच होतं?”

एवढंच होतं.

मग मी तिला विचारलं, तू क्लासमध्ये मुलींना कसं शिकवतेस? म्हणाली, ब्लाऊजचं कटिंग आधी वर्तमानपत्राच्या कागदावर करायला लावते. ‘समजलं का’ असं विचारतच नाही. विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. कागद कापायला देते आणि बघत बसते. मुंढ्याला कात्री कुठे थांबते ते बघते. जिथे थांबते, तिथे तिला समजलेलं नाही.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि पुढे नोकरीत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. आता मीही नव्या मुलांना “समजलं ना?” विचारत नाही. चालू डेटाबेसपासून लांब, एका वेगळ्या प्रतीवर त्यांना काम करायला देते आणि कात्री कुठे थांबते ते बघते. आमच्या टीममध्ये त्या प्रतीला सगळे ‘पेपर कटिंग’ म्हणतात. हे नाव कुठून आलं ते फक्त मला माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत झालं.

बाई, तुम्ही त्या दिवशी फळ्यावर ‘टू मी’ लिहिलंत, तेव्हा मी ते दोन शब्द व्याकरणाचे म्हणून वहीत उतरवून घेतले. ते तुम्हाला सरळ सांगता आले असते, पण तुम्ही खडू खाली ठेवला, वर्गाकडे बघितलं, आणि कोण हसतंय, कोण कळल्यामुळे हसतंय, हे पाहून मगच फळ्याचे दोन भाग केलेत. ‘टू’च्या पुढे माणूस असतो, हे तुम्ही तेव्हाच करून दाखवलं होतंत. मला ते तीस वर्षांनी वाचता आलं, याबद्दल क्षमा असावी.

आणि तिसऱ्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणीला एवढंच सांगते, तुझ्या त्या कच्च्या टाक्यासाठी मी तुझी ऋणी आहे. चहा आलेला दिसतोय. आज तो तुझ्या शेजारी बसून घेईन म्हणते.